पोरगी केळीत तोलायची होती

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की ही बाई उगाच चिडते. बाई उगाच चिडत नाही. बाईला चिडवणारे घरीदारी भरपूर आहेत.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. लेक तेव्हा पाचवीत. संध्याकाळी तिचा डबा घासायला घेतला, तर झाकणाच्या आत एक कागद घडी करून दडवलेला. तेलाने असा भिजलेला की पलीकडचं दिसावं. उलगडून पाहिला. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती, त्याची चिठ्ठी. "वजन वयाच्या मानाने जास्त आहे. पालकांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "जास्त म्हणजे? ह्यांच्या घरचं खाते का माझी लेक?"

आमचे हे सोफ्यावर बसून कचोरी खात होते. पाइपच्या कारखान्यातून घरी येताना रोज कचोरीची पुडी आणायची, हा त्यांचा नेम. चिठ्ठी वाचून झाल्यावर म्हणाले, "बरोबरच लिहिलंय की." असं म्हणताना चिठ्ठीवर कचोरीचा चुरा सांडला, तो त्यांनी बोटाने टिपून खाल्ला.

आता ह्या वजनामागे एक इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय मला कोणी दोष देऊ नये.

ही पोर सातव्या महिन्यातच जन्मली. दीड किलोसुद्धा नव्हती. जळगावच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, अंगाला नळ्या, आणि मुठी एवढ्याशा की माझ्या अंगठीत हात जाईल. माझे सासरे, म्हणजे आबा, रावेरकडच्या आमच्या गावाहून केळीच्या ट्रकमध्ये बसून पहाटे आले. एसटीची वाट पाहायला त्यांना धीर नव्हता. काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही तं केळीच्या एका फणीएवढीबी नही व माय." मग तिथेच, दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि गावच्या देवीला नवस बोलले. पोर जगू दे, दहा वर्षांची झाली की तुझ्या जत्रेत, तुझ्या पारापुढे, तिला माझ्या मळ्यातल्या केळीत तोलीन.

पोर जगली. आणि मग आम्ही सगळ्यांनी तिला वाढवायचा विडाच उचलला. मी दर दोन तासांनी भरवायची. आबा महिन्याला डिंकाचे लाडू पाठवायचे, केळीचा घड तर दर आठवड्याला. धुळ्याला माझ्या आईकडे गेलं की ती वरण-बट्टीवर तुपाची धार सोडायची आणि "बस" म्हटलं की तिला ऐकू यायचं नाही. पोरीच्या गालाला खळी पडली, मनगटाला वळी पडली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. वजन वाढवायचं आम्ही ठरवलं होतं आणि ठरवलेलं तडीस नेलं. फक्त थांबायचं कधी, ते ठरवायचं राहून गेलं.

तरी चिठ्ठी आली म्हणून डॉक्टरबाईंकडे गेलो. ह्या लहान मुलांच्या डॉक्टर, बोलायला गोड, पण प्रश्न पोलिसांसारखे. शाळेतून आल्यावर काय खाते? वेफर्स. कसले? केळीचेच हो, फळच ते. कोल्ड्रिंक? पाहुणे आले तरच. पाहुणे कितीदा येतात? इथे लेकीने तोंड उघडलं, "रोज. पप्पाच पाहुणे असतात."

शेवटी बाई म्हणाल्या, "हिला डाएट वगैरे काही करायचं नाही. हिची उंची वाढायची आहे अजून. वजन आहे तिथे थांबलं तरी पुरे, उंची त्याला गाठेल. पण सवयी बदलायच्या त्या घरात सगळ्यांनी. पाकिटातलं खाणं आणि कोल्ड्रिंक घरात आणायचंच नाही. जेवताना मोबाईल नाही. रोज तासभर घाम येईपर्यंत खेळ. झोप वेळेवर. आणि एक, हिच्या वजनावरून घरात कोणी एक शब्द बोलायचा नाही. आई, तुम्हीही या बरं जरा काट्यावर."

"नको," मी म्हटलं, "माझी आज चतुर्थी आहे."

काट्याचा आणि चतुर्थीचा काय संबंध, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

घरी आल्यावर मी कामाला लागले. बिस्किटांचे डबे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. सकाळी साडेपाचला लेकीला उठवून मेहरूण तलावावर फिरायला न्यायचं. ती चालायची, मी कट्ट्यावर बसून "हात हलव, हात हलव" ओरडायची. तिच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पालेभाजी, काकडी. आमच्या ताटात शेवभाजी. रविवारी ह्यांच्यासाठी तळलेली बट्टी केली, तर लेक माझ्या ताटाकडे पाहात शांतपणे म्हणाली, "मम्मी, डॉक्टरबाई 'सगळ्यांनी' म्हणाल्या होत्या. तू फक्त 'पोरीने' एवढंच ऐकलंस."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पोरगी खरं बोलली की मला जास्त राग येतो. त्या रागातच, तिने दुसऱ्या बट्टीला हात घातला तेव्हा मी म्हणाले, "अठ्ठेचाळीस किलोची झालीस बये, आता पन्नास पुरे करतेस का?"

तिने बट्टी परत ठेवली. हात धुऊन उठून गेली. मला वाटलं, चला, ऐकलं एकदाचं.

चार दिवसांनी दाराची बेल वाजली. कॉलनीतला एक मुलगा, बॅट खांद्यावर, हसत उभा. "काकू, अठ्ठेचाळीस आहे का घरी?"

मी म्हटलं, "नाही रे, आमचा फ्लॅट बारा नंबर. अठ्ठेचाळीस पलीकडच्या बिल्डिंगमध्ये असेल."

तो तोंडावर हात ठेवून पळाला. मागे वळले तर लेक दाराआड उभी. डोळे भरलेले, पण रडत नव्हती. त्या दिवशी सगळं बाहेर आलं. शाळेत तपासणीच्या वेळी एक सर काट्यापाशी उभे होते आणि दुसरे दाराशी बसून लिहीत होते. पंख्याचा आवाज फार, म्हणून पहिले सर आकडा ओरडून सांगायचे. सगळ्या वर्गाने सगळ्यांचे आकडे ऐकले. बाकीच्यांचे विसरले, हिचा राहिला. शाळेतून तो कॉलनीत आला. आता तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं.

मी पदर खोचला आणि चप्पल घातली. आधी शाळेत, मग त्या बॅटवाल्याच्या घरी जाणार होते. लेकीने माझा हात धरला. "मम्मी, तू जाऊन भांडलीस की अजून पसरेल. जाऊ नको ना. आणि कोणाला सांगू पण नको. शप्पथ घे."

मी चप्पल काढली, शपथ घेतली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडले. कारण तोच आकडा रविवारी मी तिच्या ताटावर फेकला होता. बाहेरच्या पोरांना काय बोल लावू? घरात मीच सुरुवात केली होती.

आणि अशात आबांचा फोन आला. आवाजात सणाचा उत्साह. "सूनबाई, चैत्राच्या जत्रेत पोरीले दहा पुरे होतेत. नवस फेडायचा हाये. मळ्यातला एक पट्टा मी राखून ठेवला. तागडीचंबी बोलून ठेवलं."

फोन स्पीकरवर होता. लेकीचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षांपूर्वी तिने त्याच जत्रेत एका लहान पोराला तोललेलं पाहिलं होतं. पारासमोर लिंबाच्या झाडाला मोठी तागडी टांगतात. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात एकेक फणी टाकत जायची, आणि प्रत्येक फणीला सगळा गाव मोठ्याने मोजतो. एक! दोन! तीन! किती फण्या भरल्या ते वर्षभर गावात सांगतात.

"तिथे पण ओरडून मोजतील ना?" ती म्हणाली. "मग गावात पण मला नंबरच पडेल."

"मी बघते," मी म्हटलं. आईने "मी बघते" म्हटलं की तिला स्वतःला काही सुचलेलं नसतं, एवढं मुलांना कळत नाही म्हणून बरं.

मला सुचलं ते असं की जत्रेपर्यंत पाच महिने आहेत, तोवर वजनच उतरवायचं. डॉक्टरबाईंनी नको म्हटलेलं सगळं मी केलं. संध्याकाळचं खाणं बंद, रात्री नुसतं वरण. धुळ्याहून आई फोनवर ओरडली, "पोरले उपाशी ठेवू नको वं, तिन्हं खावानं वय शे!" मी फोन ठेवून दिला. पोर चिडचिडी झाली, आणि एकदा कपाटाच्या मागच्या फळीतून हात घालून बिस्किटं काढताना सापडली. फळी तिने स्वतः ढिली केली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तिचं ते फळीचं काम पाहून मनात म्हटलं, बापाच्या वरताण कारागीर निघाली.

त्याच सुमारास माझी एक चुलत जाऊ जळगावला सोनं घ्यायला आली आणि दुपारी आमच्याकडे टेकली. तिने पाहिलं, पोर शाळेतून आली आणि मी तिच्या हातात ताकाचा ग्लास दिला. नुसतं ताक. ती चहा पिऊन निघाली. पण गावी पोचेपर्यंत गोष्टीला हातपाय फुटले. सून नातीला उपाशी मारते. का? तर वजन कमी भरावं, म्हणजे सासऱ्याची केळी वाचतील!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात. धोतर, टोपी, खांद्यावर घड, हातात लाडवांचा डबा. पाणीसुद्धा न पिता सुरू झाले. "केळी माह्या मळ्यातली. देवी माह्या गावची. तू काहून पोरीचं पोट कापून राह्यली? देवीसंगं मापात पाप?"

मी कपाळावर हात मारला. केळी वाचवायला! माझ्या लेकीपेक्षा मला केळी जास्त! मी वाट्टेल ते बोलले, आबाही बोलले, ह्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. खरं कारण सांगितलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं, पण लेकीची शपथ होती. शेवटी आबा म्हणाले, "चाल, दाखव मले ती डॉक्टर."

डॉक्टरबाई आबांना पाहून हसल्या, आबा हसले नाहीत. बाईंनी त्यांना पटेल असं बोलायचं म्हणून उदाहरण काढलं, तेही केळीचं. शहरातली बाई ती. "हे बघा आबा, केळीच्या झाडाला तुम्ही भरपूर खत एकदम दिलं, की फळ मोठं येतं, पण..."

"कोन सांगे?" आबा खुर्चीत पुढे सरकले. "भरपूर खत दिलं तं मोठं फळ येते? बाई, तुम्ही केळ फक्त खाल्लं दिसतं." आणि मग त्यांनी शिकवणी घेतली. बाहेर पेशंट ताटकळले. ठिबकने पाणी कसं मोजून देतात, जास्त झालं तर मुळं कशी सडतात, खत थोडं थोडं का द्यायचं. "युरिया जास्त टाकला ना, तं खोड नुसतं फुगते. पाहनाऱ्याले वाटते काय जोरात हाये! आन जरा वारं सुटलं का पह्यलं तेच आडवं होते. मोजूनच द्या लागते बाई, लेकरासारखं..."

आणि आबा थांबले.

लेक पंख्याकडे पाहात होती. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूबी पाणी तोडलंच ना पोरीचं? तोडलं तरी खोड सुकतेच. दोन्ही बिनअकलीचे आपण." बाईंनी मान डोलावली, आणि मला म्हणाल्या की संध्याकाळचं खाणं आजपासून पुन्हा सुरू करा, फुटाणे द्या, शेंगदाणे द्या, एक केळं द्या. भांडायला नेलेला सासरा असा शत्रूपक्षाला मिळाला.

आबा परत गेले नाहीत. म्हणाले, मळा मजूर पाहतील. लाडवांचा डबा त्यांनी मला दिला, "तू खाय, तुले कोन तोलनार हाये!" कपाटाचं कुलूप काढून टाकलं. कुलूप लावायसारखं काही आणायचंच नाही, हा नवा नियम. ह्यांच्या कचोरीच्या पुडीवर आबांची नजर पडली आणि त्यांनी एवढंच विचारलं, "किती पाहुणे येऊन राह्यले?" हे चाळीस वर्षांचे, दहा माणसं हाताखाली, पण पुडी पाठीमागे लपवली. बट्टी भाजून करायला लागले, वर चमचाभर तूप, सगळ्यांना सारखं. मलाही. पहिला महिना माझा फार वाईट गेला.

पण खरा बदल झाला तो संध्याकाळी. आबांनी सुताची दोरी आणली आणि लेकीला घेऊन कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर जायला लागले. सकाळची परेड बंद. "कट्ट्यावर बसून हात हलव म्हननारी फौजदारीण नको," असं माझ्याबद्दल मत पडलं. दोरीवरच्या उड्या, लगोरी, आट्यापाट्या. आबा एका कठड्यावर बसून उड्या मोजायचे, "लाभ, दोन, तीन, चार..."

"आबा, एक राहिला!" लेक धापा टाकत ओरडायची.

"राह्यला नही. धान्य मोजताना पह्यल्या मापाले एक म्हनत नही, लाभ म्हनते. एक म्हनलं का मन एकावरच अडते. लाभ म्हनलं का बरकत येते." झालं. दोन दिवसांत कॉलनीतली सगळी पोरं लाभपासून मोजायला लागली. लगोरीत लाभ, क्रिकेटमध्ये पहिली धाव लाभ. एकीची आई मला विचारायला आली, की आमची मुलगी गणितात एकच्या जागी लाभ लिहून आली, हे काय नवीन?

मी गॅलरीतून बघत असायची. सुरुवातीला लेक सात उड्यांत बसायची. मग वीस. मग दोरी दुसऱ्याला द्यायला कुरकुर. एक दिवस असाच खेळ रंगला होता आणि त्या बॅटवाल्याने हाक मारली, "ए अठ्ठेचाळीस, तुझा डाव!" लेक दोरी टाकून थांबली. आबांनी त्या मुलाला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. मुलाने सांगितलं असावं, कारण त्याने हाताने काट्यावर उभं राहिल्याचं करून दाखवलं. मला वाटलं, आता आबा त्याचा कान पिळणार. पण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खेळायला पाठवलं आणि कठड्यावर नुसते बसून राहिले. त्या संध्याकाळी पुढच्या उड्या कोणी मोजल्या नाहीत. घरी आल्यावर आबांनी भाकरी अर्धीच खाल्ली. मी विचारलं, तर म्हणाले, "ऊन लागलं असंल."

फाल्गुनात डॉक्टरबाईंकडे गेलो. लेक आता तीन मजले न थांबता चढत होती. रात्री नऊला पेंगायची. शाळेचा स्कर्ट आखूड झाला होता. ह्यांच्या पट्ट्याला आणखी एक भोक आतल्या बाजूला पाडावं लागलं होतं. मी मोठ्या आशेने काट्याकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस.

"फारच छान!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "उंची वाढली, वजन तिथेच. हेच हवं होतं."

मी हसले. बाईंना हवं होतं ते झालं. लेकीला हवं होतं ते झालं नव्हतं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "म्हणजे फण्या तेवढ्याच लागणार." मी "हो" म्हटलं. खोटं कशाला बोलू?

जत्रेच्या दिवशी सकाळी आबांसोबत मी मळ्यात गेले. ते विळ्याने फण्या उतरवत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "आबा, आपण इथेच तोलू या का तिला? घरच्या घरी. देवीला काय, कुठूनही दिसतंच."

"नवस काय चोरीचा माल हाये?" आबा न पाहताच बोलले. "गावापुढे बोललो, गावापुढे फेडीन."

"तसं नाही हो..." शपथ आडवी आली.

आबांनी हातातली फणी टोपलीत ठेवली. "तू घोर करू नको. मोजनार मी हाये."

दुपारी पारासमोर हीऽ गर्दी. उन्हाने डोकं तापलेलं, लिंबाखाली मात्र सावली. तागडी टांगली, पारड्यात गोणपाट घातलं, त्यावर लेकीला बसवलं. नवीन परकर-पोलकं, कपाळाला कुंकू. दोन्ही हातांनी दोरखंड असे घट्ट धरलेले की बोटं पांढरी पडली होती. गावातली पोरं पुढे येऊन बसली होती, मोजायला तयार. चुलत जाऊ माझ्या शेजारीच. "पोरगी चांगली उतरली की गं," ती म्हणाली. "वाचली आबांची केळी." दुसरा दिवस असता तर तिला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण लेक माझ्याकडे पाहात होती. "मी बघते" म्हणणारी आई काय बघते, ते ती पाहात होती.

आबा पुढे झाले. टोपलीतून मुद्दाम सगळ्यात लहान फणी उचलली आणि दोन्ही हातांत धरून गर्दीला चारी बाजूंनी दाखवली. "ही पाहा. एवढी होती. काचेत ठेवली होती." आणि ती पारड्यात ठेवून आवाज दिला, "लाऽभ!"

"लाभ!" गाव म्हणाला.

दुसरी फणी पडली. पुढची पोरं ओरडली, "दोन!"

आबा गर्रकन वळले. "कोन बोललं? मोजनारा मी हाये का तू?" पोरं चूप. आबांनी फणीवर परत हात ठेवला. "लाभ!"

तिसरी फणी. "लाभ!"

चौथी. "लाभ!"

गर्दीत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, म्हातारा विसरला. पारावरच्या एका बुजुर्गाने हटकलंच, "आबा, मोज चुकली तुह्यी." आबा म्हणाले, "माह्यी नात, माह्यी केळी, माह्यी मोज," आणि पुढची फणी टाकली. तेव्हा मला कळलं, त्या संध्याकाळी कठड्यावर बसून हा माणूस काय विचार करत होता. मला रडूही आलं आणि हसूही, आणि पदर एकच होता.

मी मनातल्या मनात मोजत होते. सवय जात नाही. नऊ-दहाच्या पुढे माझाही हिशेब सुटला, कारण तोवर सगळा गाव चेवाने लाभ, लाभ करत होता. पुढची पोरं तर उड्या मारायला लागली. लेकीने दोरखंड ढिले सोडले. पारडं हळूच उचललं, तिचे पाय जमिनीवरून सुटले, आणि ती आधी दचकली, मग खळखळून हसली. शेवटच्या तीन-चार फण्यांना तर तिचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

काटा सरळ झाला. आबांनी देवीच्या नावाने एक फणी वर टाकली, म्हणजे देवाचं पारडं जड. मग लेकीला उतरवलं आणि टोपली तिच्या हातात दिली. तोललेली केळी घरच्यांनी खायची नसतात, गावाला वाटायची असतात. ती रांगेतल्या प्रत्येकाला एकेक देत निघाली. तिची पाठ मी किती महिन्यांनी ताठ पाहात होते.

चुलत जावेला केळं मिळालं. सोलता सोलता तिने आबांना विचारलंच, "पण आबा, पोर भरली तरी किती?"

लेक थांबली. मी तोंड उघडलं.

"मोजलंच कुठी व पुरं," आबा टोपीने घाम पुसत म्हणाले. "लाभाच्या पुढे मी गेलोच नही."

आणि रिकामी होत आलेली टोपली लेकीच्या हातातून घेऊन ते तिच्यासोबत रांगेत पुढे गेले.